पतंगोत्सव आणि मुलांचं वाचन यांचा कुठे संबंध आहे का?

थेट नाही, पण जपानमध्ये दोन्ही एकाच सुमारास येतात. हामामात्सु शहरात ३ ते ५ मे या काळात मोठा पतंगोत्सव असतो. आख्यायिका अशी की सोळाव्या शतकात तिथल्या किल्लेदाराला मुलगा झाला, म्हणून त्याचं नाव लिहिलेला भलामोठा पतंग उडवला गेला. पुराव्याच्या बाबतीत ही गोष्ट जरा कच्चीच! प्रथा मात्र खरी: घरात पहिलं मूल जन्मलं की त्याच्या नावाचा पतंग आळीतली मंडळी मिळून चढवतात. मग दोरावर दोर घासून काटाकाटी.

५ मे हा तिथला बालदिन. २३ एप्रिल ते १२ मे बालवाचन सप्ताह. नावापुरताच सप्ताह, आहे जवळपास तीन आठवड्यांचा. २३ एप्रिल हा बालवाचन दिन २००१ च्या कायद्याने ठरला.