सिगारेटच्या पाकिटातल्या नट्या: जाहिरात की कला?

तुम्ही विचारलंय की १८८० च्या दशकात अमेरिकेत सिगारेटच्या पाकिटांतून नट्यांची कार्डं येत, त्यांना कला म्हणायचं का. माझं आयुष्य छापखान्यात गेलं, म्हणून त्याच नजरेनं सांगतो.

पाकीट पातळ कागदाचं असे. आतला माल चेपू नये म्हणून पुठ्ठ्याचा तुकडा घालत, आणि त्यावर चित्र आलं. १८८४ च्या सुमारास ड्यूक या सिगारेट कंपनीनं सिगारेटी वळणारं बॉन्सॅकचं यंत्र घेतलं. दिवसाला लाखभर सिगारेटी वळून पडू लागल्या, त्या खपवायच्या कशा? लिलियन रसेल, लिली लँगट्री या नट्यांचे चेहरे सगळ्यांच्या ओळखीचे, म्हणून ते कार्डांवर आले. नाटकाचं तिकीट न परवडणाऱ्याच्याही हातात त्या येऊ लागल्या, आणि संच पुरा करायचा तर पुन्हा तोच छाप घ्यावा लागे. हेतू निव्वळ धंद्याचा होता. खुद्द कंपनीचे संस्थापक वॉशिंग्टन ड्यूक यांनी १८९४ मध्ये धंदा सांभाळणाऱ्या मुलाला पत्र लिहून ही चित्रं अश्लील म्हणून बंद करायला विनवलं होतं.

तरी माझं उत्तर ‘कला’ असंच आहे. भिंग घेऊन बघा. फोटोच्या कार्डावर ठिपका दिसत नाही, सावली सलग उतरत जाते. तो खरा फोटोच पुठ्ठ्यावर डकवलेला असतो. रंगीत कार्ड शिळाछापाचं, म्हणजे दगडावर चित्र काढून त्यावरून छापलेलं. त्यावर गालाची लाली म्हणजे कारागिरानं हातानं दिलेले बारीक ठिपके, आणि प्रत्येक रंगाला वेगळा दगड. अडीच-तीन इंचांच्या तुकड्यात इतके रंग एकमेकांवर अचूक बसवणं किती अवघड, हे मला ठाऊक आहे. या कारागिरांची नावं बहुतेक कार्डांवर नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं.

फोटोवाल्यांना निदान न्याय मिळाला. न्यूयॉर्कचे नेपोलियन सरोनी नटनट्यांचे फोटो काढत. त्यांनी काढलेला लेखक ऑस्कर वाइल्डचा फोटो एका छापखान्यानं परस्पर छापून ८५,००० प्रती काढल्या. १८८४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं सरोनींच्या बाजूनं निकाल दिला: बैठक, पेहराव, उजेड ज्यानं ठरवला, तो त्या फोटोचा कर्ता.

आज ही कार्डं पाहायची तर न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाच्या संकेतस्थळावर जेफरसन बर्डिक यांचा संग्रह उघडा. विजेच्या सामानाच्या कारखान्यातला हा कामगार. संधिवातानं आखडलेल्या हातांनी त्यांनी तीन लाखांहून जास्त कार्डं आणि छापील कागद संग्रहालयासाठी अल्बममध्ये लावून दिले. शेवटचं पान जानेवारी १९६३ मध्ये चिकटवलं, आणि मार्चमध्ये ते गेले.