इंटेलच्या आठव्या पिढीच्या प्रोसेसरचा वापरलेला मिनी पीसी (छोटा डेस्कटॉप) घ्यावा की इंटेलच्याच एन१०० या कमी विजेच्या प्रोसेसरचा नवा कोरा?

रोजच्या कामासाठी मी वापरलेलाच घेईन. आठव्या पिढीतल्या आय५-८५००टी प्रोसेसरला सहा कोअर (काम करणारे गाभे) आहेत, एन१००ला चारच आणि तेही हलके. दहा-पंधरा टॅब आणि एक मोठी एक्सेल शीट एकदम उघडली की फरक लगेच जाणवतो. शिवाय ऑफिसमधून निघालेल्या अशा वापरलेल्या मिनी पीसींमध्ये बहुधा रॅमचे दोन स्लॉट असतात, म्हणजे मेमरीची दोन चॅनल (प्रोसेसर आणि रॅममधले मार्ग) वापरता येतात; एन१००ला चॅनल एकच.

मात्र आठव्या पिढीच्या खाली उतरू नका. विंडोज ११ला अधिकृत सपोर्ट साधारण तिथूनच सुरू होतो आणि विंडोज १०चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोजऐवजी लिनक्स टाकणार असाल तर गोष्ट वेगळी.

मशीन चोवीस तास चालू ठेवायचं असेल किंवा एव्ही१ (नव्या व्हिडिओ फॉरमॅटमधले) व्हिडिओ बघायचे असतील तर एन१०० बरा. त्याचा प्रोसेसर ६ वॉटचा, ८५००टीचा ३५चा. अर्थात मशीन नुसतं बसून असताना विजेचा फरक एवढा राहत नाही.

वापरलेला घेताना विक्रेत्यासमोरच बायोस (मशीन सुरू होतानाची मूळ सेटिंग) उघडून बघा. आधी वापरणाऱ्या ऑफिसने तिथे टाकलेला पासवर्ड तसाच राहिला असेल तर पुढे फार डोकेदुखी होते. मूळ अडॅप्टरही मागून घ्या.