सेनेगलची पुस्तकं कोणत्या कपाटात?

प्रश्न : प्रत्येक देशातलं एक पुस्तक वाचायचं ठरवलं आहे. यादी किती देशांची धरावी आणि किती वर्षं लागतील? (दांडिया बाजार, बडोदे)

संयुक्त राष्ट्रांचे सदस्य देश १९३. व्हॅटिकन आणि पॅलेस्टाइन हे निरीक्षक धरले की १९५. तैवान या यादीत बसत नाही, पण तिथलं साहित्य सोडू नये असं आमचं मत आहे. यादी कोणतीही घ्या, मात्र ती पहिल्याच दिवशी वहीत लिहून काढा. मध्येच नियम बदलला की मोजदाद कोलमडते.

रोज ३० पानं वाचलीत, तर २५० पानांचं पुस्तक आठ-नऊ दिवसांत संपतं. म्हणजे १९५ पुस्तकांना साडेचार वर्षं. रोज २० पानं असतील तर पावणेसात. हा हिशेब सहसा वाचनाच्या वेगामुळे चुकत नाही, क्रमामुळे चुकतो. पहिलं वर्ष रशिया, फ्रान्स, जपान, इंग्लंड यांत आनंदात जातं आणि मग हाती उरतात ते सगळे अवघड देश, ज्यांचं पुस्तक मिळवायलाच दोन-दोन महिने लागतात. तिथे उत्साह संपतो. म्हणून एक सोपा देश, एक अवघड, असं आलटून पालटून घ्या. हातातलं पुस्तक चालू असतानाच पुढच्या अवघड देशाच्या पुस्तकाची मागणी नोंदवून ठेवा.

देश कसा ठरवायचा, हाही प्रश्न येतोच. अब्दुलरझाक गुर्ना यांचा जन्म १९४८ साली झांझिबारचा, आयुष्य गेलं ब्रिटनमध्ये, लेखन इंग्रजीत. २०२१ चं नोबेल त्यांना मिळालं. त्यांना टांझानियाच्या खात्यात घालावं की ब्रिटनच्या? लेखक तिथे वाढलेला असावा आणि गोष्टही तिथली असावी, हा दुहेरी नियम सर्वांत निभावतो. त्यानुसार पूर्व आफ्रिकेत घडणारी त्यांची ‘पॅरडाइज’ टांझानियाची ठरते. परक्या प्रवाशाने त्या देशावर लिहिलेलं पुस्तक जोडवाचन म्हणून घ्यावं, त्या देशाच्या नावावर मात्र मांडू नये.

प्रश्न : ग्रंथालयात सेनेगलची पुस्तकं मागितली, तर ‘अशी नाहीत’ म्हणाले. खरंच नसतील का? (रावपुरा, बडोदे)

असूही शकतील. ग्रंथालयातली साहित्याची मांडणी मुख्यतः मूळ भाषेनुसार असते, देशानुसार नाही. ‘सेनेगल’ असं कपाट कुठेच नसतं. मारियामा बा या सेनेगलच्या लेखिकेची १९७९ ची छोटी पत्ररूप कादंबरी मूळ फ्रेंचमध्ये आहे, त्यामुळे तिचं इंग्रजी भाषांतरही दशांश पद्धतीत (पुस्तकांना आकडे देऊन कपाटात लावण्याच्या ड्युई यांच्या वर्गीकरणात) ८४३ या आकड्याखाली, पॅरिसच्या कादंबऱ्यांशेजारी बसतं. अर्जेंटिना, कोलंबिया, चिली हे सगळे स्पॅनिशच्या ८६३ मध्ये. विषुववृत्तीय गिनीही तिथेच, कारण स्पॅनिश अधिकृत भाषा असलेला आफ्रिकेतला तो सार्वभौम देश आहे. ब्राझील, अंगोला, मोझांबिक पोर्तुगीजच्या ८६९ मध्ये. अरबी ८९२.७, जपानी ८९५.६, रशियन ८९१.७. आपली मराठी ८९१.४६ आणि शेजारी गुजराती ८९१.४७! दुसरी वर्गीकरण पद्धत असेल तिथे आकडे निराळे असतील, तरी भाषेपासून सुरुवात करणंच सोयीचं.

तेव्हा आधी घरी शोधा : देशाचा लेखक कोण, तो कोणत्या भाषेत लिहितो, मूळ पुस्तकाचं नाव काय. मग सूचीत लेखकाच्या नावाने पाहा. इथेही एक खड्डा आहे. कोरियाच्या हान कांग (नोबेल २०२४) यांचं आडनाव ‘हान’, ते आधी येतं. ‘कांग’खाली शोधलंत तर रिकाम्या हाताने परताल. चिनी आणि हंगेरियन नावांतही आडनाव आधी असतं, पण हंगेरियन नावं इंग्रजी पुस्तकांवर उलटी करून छापतात. इथिओपिया आणि आइसलँडमध्ये बहुतेकांना आडनावच नसतं. दुसरं नाव वडिलांचं किंवा वडिलांवरून आलेलं. म्हणून नाव दोन्ही बाजूंनी शोधून पाहावं.

सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून संस्थानभर विनामूल्य ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं, गावोगाव पुस्तकांच्या पेट्या जाऊ लागल्या. ज्या शहराला हा वारसा आहे, तिथल्या वाचकाने काउंटरवरच्या एका ‘नाही’वर परत फिरू नये. लेखक, मूळ नाव, अनुवादक आणि प्रकाशक एका चिठ्ठीवर लिहून नेलंत, तर शोधणाऱ्यालाही नेमकं शोधता येतं.

प्रश्न : शक्यतो मराठीतूनच वाचायचं आहे. अनुवाद चांगला आहे की नाही, हे विकत घेण्याआधी कसं कळेल? (कारेलीबाग, बडोदे)

मुखपृष्ठ सोडा, त्यामागचं श्रेयाचं पान उघडा. तिथे मूळ भाषा, मूळ नाव, मूळ वर्ष आणि अनुवाद कोणत्या भाषेतून केला, एवढं असायला हवं. बहुतेक मराठी अनुवाद इंग्रजीवरून होतात. हे कमीपणाचं नाही, पण आपण सावलीची सावली पाहतो आहोत, हे माहीत असावं. इंग्रजी वाचकाचंही तेच होतं : इस्माईल कादारे अल्बेनियन भाषेत लिहीत, पण त्यांची बरीच पुस्तकं इंग्रजीत फ्रेंचवरून आली. पु. लं.नी केलेलं ‘एका कोळियाने’ मात्र हेमिंग्वेच्या मूळ इंग्रजीवरून थेट आलेलं आहे.

मग एखादं संवादाचं पान वाचा आणि नाती तपासा. चिनी, अरबी, तुर्की या भाषांत काका वेगळा आणि मामा वेगळा. इंग्रजीत दोघेही ‘अंकल’ होतात. मराठीकडे दोन्ही शब्द तयार आहेत, पण मधल्या इंग्रजीने खूण पुसलेली असते. चांगला अनुवादक मागचापुढचा मजकूर पाहून ते नातं परत आणतो. आळशी अनुवादक सगळ्यांना काका करून मोकळा होतो, आणि मग मामाच्या घरी वाढलेला मुलगा काकाकडे वाढतो. तसंच ‘तू’ आणि ‘तुम्ही’चं. फ्रेंच आणि रशियनमध्ये हा भेद आहे. कादंबरीतलं जोडपं कुठल्या क्षणी ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येतं, यात प्रेमाची अर्धी गोष्ट असते. ती जागा मराठीत दिसली, तर पुस्तक निर्धास्त घ्या.

प्रश्न : लहान देशांचं इंग्रजीतही काही मिळत नाही. काय करावं? (मांजलपूर, बडोदे)

कादंबरीचा हट्ट सोडा. मार्शल बेटांसाठी कॅथी जेटनील-किजिनर यांचा २०१७ चा कवितासंग्रह आहे. भूतानसाठी कुंझांग चोडेन यांची कादंबरी भारतातच छापलेली आहे. मादागास्करची मलागासी लेखकाची पहिली कादंबरी इंग्रजीत आली तीच २०१७ मध्ये, तेव्हा जुन्या याद्यांवर विसंबू नका. लोककथा, आठवणी, एखाद्या संकलनातली एकच कथा, काहीही चालेल. वहीत मात्र त्यापुढे ‘कथा, पानं १२’ असं लिहून ठेवा, म्हणजे पुढे पूर्ण पुस्तक मिळालं की ती जागा भरता येईल.