परवा म्हणजे नक्की कधी?

या अंकासाठी निवडलेली पत्रं वेगवेगळ्या गावांतली असली, तरी दुखणं एकच आहे: दिवस ठरला, पण दोघांनी तो वेगळा धरला.

प्रश्न (सांगली): 12 तारखेला, बुधवारी, व्याह्यांशी फोनवर ठरलं की "पुढच्या शुक्रवारी खरेदीला जाऊ." आम्ही 14 तारखेला तयार होऊन बसलो, त्यांनी मात्र 21 तारीख धरली होती. चूक कोणाची?

उत्तर: कोणाचीच नाही. "पुढचा" हा शब्द मराठीत दोन तऱ्हांनी चालतो. एसटीत कंडक्टर "पुढच्या स्टॉपला उतरा" म्हणतो तेव्हा समोर येणारा पहिलाच स्टॉप असतो. तुम्ही शुक्रवार तसा धरलात. व्याह्यांच्या मनात 14 तारखेचा शुक्रवार "हा" शुक्रवार होता, म्हणून "पुढचा" त्यानंतरचा झाला. वार जितका जवळ, तितका हा घोळ वाढतो. बुधवारी बोलताना शुक्रवार दोनच दिवसांवर असतो, त्यामुळे बरेच लोक त्याला "ह्या शुक्रवारी" किंवा नुसतं "परवा" म्हणतात आणि "पुढच्या" ऐकलं की तो ओलांडून विचार करतात. तेच बोलणं शुक्रवारीच झालं असतं, तर दोघांनीही सात दिवसांनंतरचाच शुक्रवार धरला असता.

जवळचा वार सांगायचा असेल तर "येत्या शुक्रवारी" म्हणा. येणाऱ्यांतला पहिला, एवढाच त्याचा अर्थ. त्यानंतरचा हवा असेल तर "हा शुक्रवार सोडून पुढच्या" हे जुनं, घरोघरी कळणारं बोलणं आहे. तरीही सोबत तारीख हवीच: "येत्या शुक्रवारी, 14 तारखेला." वार आणि तारीख दोन्ही सांगितल्याचा फायदा असा की एक चुकलं तर दुसरं त्याला पकडतं. "शुक्रवारी 15 ला" असं कोणी म्हणालं, तर ऐकणारा तिथेच अडवतो. नुसती तारीख चुकली तर कोणाच्या लक्षात येत नाही.

"पुढच्या आठवड्यात" हे रविवारी तर म्हणूच नये. भिंतीवरच्या कॅलेंडरात आठवडा बहुधा रविवारी सुरू होतो, कचेरीत सोमवारी. 16 तारखेच्या रविवारी एकाचा पुढचा आठवडा दुसऱ्याच दिवशी सुरू होतो, तर दुसऱ्याचा 23 तारखेला.

प्रश्न (नागपूर): केटररने निरोप पाठवला, "परवाच्या जेवणाचे पैसे द्यायचे आहेत." आम्हाला वाटलं, झालेल्या कार्यक्रमाचं बिल. तो येणाऱ्या कार्यक्रमाची उचल मागत होता. मराठीत यासाठी दोन शब्द नाहीत का?

उत्तर: काल आणि उद्या यांना आपल्याकडे वेगळे शब्द आहेत, पण एक घर पुढे सरकलं की दोन्हीकडे "परवा"च. संस्कृतात मात्र उद्यानंतरचा दिवस परश्वः आणि कालच्या आधीचा परह्यः, असे ते वेगळे राहिले. त्याच्याही पलीकडच्या "तेरवा"ची स्थिती हीच, तोही मागे आणि पुढे दोन्हीकडे लागतो.

एरवी आपलं अडत नाही, कारण काम क्रियापद करतं. "परवा आलो होतो", "परवा येईन", यांत शंकेला जागा नाही. घोळ होतो तो क्रियापद दिवसाबद्दल काही सांगत नाही तेव्हा, आणि तुमच्या निरोपात नेमकं तेच झालं. "परवाच्या" हे विशेषण झालं आणि "द्यायचे आहेत" हे पैशांबद्दल आहे, जेवणाबद्दल नाही. परवाची मीटिंग, परवाचं तिकीट, परवाचे कपडे: "परवाचा, परवाची, परवाचं" लिहिताना हात थांबला पाहिजे. "झालेल्या" किंवा "होणाऱ्या" हा एक शब्द आधी घातला तरी पुरतं. शिवाय "परवाच भेटलो" म्हणताना पुष्कळ जण दिवस मोजतही नाहीत, त्यांना फक्त "अलीकडेच" म्हणायचं असतं. पैशाच्या निरोपात म्हणूनच तारीख लिहावी.

प्रश्न (सातारा): डॉक्टर म्हणाले आठ दिवसांनी या, नोटिशीत लिहिलंय 15 दिवसांत उत्तर द्या, आणि गुरुजी दहावा सांगतात तो आमच्या हिशेबाने नवव्या दिवशी येतो. मोजायचं कसं?

उत्तर: तुमच्या एकाच पत्रात मोजणीच्या दोन रीती एकत्र आल्या आहेत.

आपली घरातली रीत पहिला दिवस धरून मोजण्याची. मंगळवारी, 1 तारखेला मृत्यू झाला तर तो पहिला दिवस, म्हणून दहावा 10 तारखेला आणि तेरावा 13 ला. (पहाटे सूर्योदयापूर्वी मृत्यू झाला असेल तर काही घरांत तो आदल्या दिवसात धरतात. पत्रिका किंवा निरोप पाठवण्याआधी गुरुजींना हे विचारून घ्या, बाहेरगावच्यांची धावपळ वाचते.) पाच दिवसांचा गणपती सोमवारी बसला की विसर्जन शुक्रवारी, तेही याच हिशेबाने. गौरींचं मात्र असं मोजू नका. त्या नक्षत्रावर येतात, पंचांगच पाहावं लागतं.

"आठ दिवसांनी" हेही याच मोजणीतून आलं आहे. बुधवार ते बुधवार दोन्ही टोकं धरून आठ होतात, म्हणून डॉक्टरांचे आठ दिवस म्हणजे बहुधा पुढचा तोच वार. "पंधरा दिवसांनी" म्हणजे तसेच 14 दिवस. टाके काढायचे असतील तर कागदावर तारीख लिहूनच घ्या.

कायद्याची रीत उलट आहे. 1897 च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम 9 प्रमाणे "पासून" म्हटलं की तो पहिला दिवस वगळतात. "1 तारखेपासून 15 दिवसांत" याची मुदत 16 तारखेला संपते. तरी शेवटच्या दिवसावर विसंबू नका.

औषधाबद्दल एक गोष्ट कळकळीने सांगतो. "दिवसाआड" म्हणजे 1, 3, 5 तारखेला. "दोन दिवसाआड" म्हणजे 1, 4, 7. नळाच्या पाण्याचा हिशेबही हाच. पण "आठवड्यातून एकदा" आणि "रोज" यांत गल्लत झाली तर जिवावर बेतू शकतं. संधिवातात दिली जाणारी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. ती चुकून रोज घेतल्याने तोंडात फोड येतात, रक्तपेशी घटतात, मृत्यूही होतो. गोळ्यांच्या पाकिटावर जाड पेनाने वार लिहा, "फक्त बुधवार" असा.

प्रश्न (मिरज): गाडीची वेळ "15 तारखेला रात्री 00:25". स्टेशनवर कधी जायचं?

उत्तर: 14 तारखेला रात्री जेवून निघायचं. रात्री बाराला तारीख बदलते, बोलण्यातली "रात्र" मात्र झोपून उठेपर्यंत आदल्या दिवसाचीच राहते. 15 च्या रात्री पोहोचलात तर गाडी आदल्या रात्रीच गेलेली असेल. घरात सांगताना "14 आणि 15 मधली रात्र" असं सांगा.

तत्काळ तिकिटात आणखी एक पेच आहे. तिथे दिवस मोजतात तो गाडी जिथून सुटते त्या स्टेशनावरून. गाडी मूळ स्टेशनावरून 14 ला सुटत असेल, तर तुमच्या तिकिटावर 15 तारीख असली तरी तत्काळ 13 लाच उघडतं: एसीचं सकाळी 10 ला, बिगर-एसीचं 11 ला. 14 ला सकाळी खिडकीवर गेलात तर एक दिवस उशीर झालेला असतो.

प्रश्न (पुणे): मुलगी न्यू जर्सीत असते. "उद्या सकाळी साडेसातला बोलू" म्हटलं की दर वेळी गोंधळ होतो.

उत्तर: तुमची रविवार सकाळ साडेसात म्हणजे तिची शनिवार रात्र, उन्हाळ्यात दहा आणि हिवाळ्यात नऊ. तिकडची घड्याळं मार्चच्या दुसऱ्या रविवारी एक तास पुढे जातात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. तेवढ्या दोन आठवड्यांत फोन लावताना विशेष लक्ष ठेवा. निरोपात "उद्या" नको. "माझी रविवार सकाळ 7:30, तुझी शनिवार रात्र 10" असं लिहा आणि तिच्याकडून तेच उलट लिहून मागवा.