जेएसबीसिम या उड्डाण-सिम्युलेशन सॉफ्टवेअरमधल्या एफ-१६ या लढाऊ विमानाचं नाक चाकं सुटताच का उसळतं?

कारण एफ-१६ मुळातच अस्थिर आहे. तिला संगणक सावरतो. नासाच्या १९७९ च्या १५३८ क्रमांकाच्या अहवालातले वायुगतिकीचे तक्ते बरोबर भरले तरी पिच-रेट (नाक वर-खाली फिरण्याचा वेग) आणि अल्फा (पंखावर हवा येण्याचा कोन) मोजून त्यानुसार सुधारणा करणाऱ्या फीडबॅकशिवाय ती टिकणार नाही.

आधी चिन्ह तपासा. एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारा शेपटीचा पृष्ठभाग) धन म्हणजे मागची कड खाली, नाक खाली. हे उलटं असेल तर फीडबॅकच विमान उलथवतो, आणि बहुतेकदा चूक इथेच असते. मग एलिव्हेटर हलवणारा अ‍ॅक्चुएटर: मर्यादा ±२५ अंश, वेग सेकंदाला ६० अंश. सिग्नल रेडियनमध्ये असेल तर १.०४७ लिहा.

शेवटी इंटिग्रेटर, म्हणजे फीडबॅकमधली चूक साठवत जाणारा भाग. चाकं जमिनीवर असताना तो बेरीज करत राहतो आणि उड्डाण होताच ती सगळी बाहेर पडते. तोवर ट्रिगरने (जेएसबीसिममधल्या चालू-बंद अटीने) त्याला शून्यावर ठेवा.