पाजतेय म्हणजे राहत नाही ना?

अंगावर पाजत असताना दिवस जात नाहीत ना, हा प्रश्न माझ्याकडे, रुग्णालयातल्या समुपदेशकाकडे, सरळ कधीच येत नाही. आधी बाळाच्या शीचा रंग विचारला जातो, मग टाळू भरली का, मग गालावरचं पुरळ. मी उत्तरं देत राहते आणि वाट बघते. मग बाई एकदा दाराकडे बघते, सासू बाहेर बाकावरच बसलीय याची खात्री करते आणि आवाज खाली आणून म्हणते, "मॅडम, अंगावर पाजतेय म्हणजे राहत न्हाई ना?"

सुनंदानं (नाव आणि काही तपशील बदललेत) तो एप्रिलच्या अखेरीला विचारला. आमचं ग्रामीण रुग्णालय सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला, डोंगराच्या पायथ्याशी. इथल्या कितीतरी घरांतला कर्ता पुरुष वाशीच्या मार्केटात माथाडी आहे. सुनंदाचा नवराही तिथंच. डिसेंबरात ती माहेरी बाळंत झाली, तीन महिने पुरे करून सासरी आली आणि लगेच गावची यात्रा लागली. नवरा चार दिवस यात्रेला येऊन गेला. बाळाचं साडेतीन महिन्यांचं इंजेक्शन सर्दीमुळं लांबलं होतं, ते घ्यायला ती चौथा महिना सरता सरता आली.

बाळंतपणानंतर पाळी आलीच नव्हती, त्यामुळं "चुकली" असंही म्हणता येईना. "येत असती तर कळलं तरी असतं," ती म्हणाली. तिची सगळी भीती त्या एका वाक्यात होती.

भीती घालायला घरातच दोन मतं होती. सासू म्हणायची, "आमी चार पोरं पाजली, दीड-दीड वरीस पाळी नव्हती. कुठं खाल्ल्या गोळ्या?" आणि थोरली जाऊ स्वतःचं सांगायची. तिचं पहिलं पोर आठ महिन्यांचं असताना पोट वाढलं म्हणून दाखवायला गेली, तर चौथा महिना निघाला. मधे एकदाही पाळी नाही. "मी बी पाजतच होते की," जाऊ म्हणायची.

सुनंदाला मी विचारलं, दोघींतलं खरं कोण बोलतंय असं तुला वाटतं? ती म्हणाली, "जाऊबाई. त्यांचं तर डोळ्यांदेखत झालं." मी म्हटलं, दोघी खऱ्या बोलतायत.

बाळ चोखतं तेव्हा आईच्या मेंदूला जो संदेश जातो, त्यानं बीजकोशाचं काम थांबून राहतं. पण हा संदेश सतत जात राहावा लागतो. सासूच्या काळात पोर रात्रभर कुशीत आणि दिवसा बांधावरच्या झोळीत. रडलं की पदराखाली. जाऊनं चौथ्या महिन्यापासून नाचणीचं सत्त्व सुरू केलं, दुपारी पोर आजीजवळ ठेवून भातलावणीला गेली, रात्री दमून झोपली. चोखण्यात मोठे खंड पडले आणि बीजकोश जागा झाला.

"पाजत होते तोवर राहिलं नाही" या म्हाताऱ्यांच्या सांगण्याला जगभरच्या तज्ज्ञांनी १९८८ साली इटलीत बेलाजिओला बसून अटी घातल्या. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. पाळी आलेली नको. आणि बाळाला फक्त किंवा जवळजवळ फक्त अंगावरचंच दूध हवं; दिवसा दोन पाजण्यांत चार तासांहून आणि रात्री सहा तासांहून जास्त अंतर नको, हे पुढं सांगितलं जाऊ लागलं. तिन्ही अटी पुऱ्या असतील तर सहा महिन्यांत शंभरातल्या साधारण दोघींनाच दिवस जातात. म्हणजे हे साधन चांगलंच आहे. पण एक जरी अट मोडली तरी त्याचा भरवसा संपला, आणि आपल्याकडं पहिली मोडते ती तिसरी. गुटी, पाणी, मध, "दोन चमचे वरचं" या गोष्टी कुणी दूध म्हणून मोजतच नाही.

जाऊला पाळी कशी दिसली नाही, हे सुनंदाला समजेना. मी हातातल्या पेनानं टेबलावर रेघ ओढून दाखवली. बीज आधी सुटतं, पाळी त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी येते. बाळंतपणानंतरच्या पहिल्याच बीजाला गर्भ धरला तर पाळी यायची वेळच येत नाही. पाळी आल्यावर बघू असं ठरवून बसलेली बाई गाडी गेल्यावर स्टँडवर पोचते. हे एक कळलं की पुढचं समुपदेशन निम्मं होतं, असा माझा अनुभव आहे.

"आता तू सांग, बाळाला वरचं काय देतेस?"

ती गप्प झाली. मग पिशवीतून अर्धी वापरलेली पाकिटातली पट्टी काढली. माला-डी, पाळणा लांबवायच्या गोळ्यांची. यात्रेनंतर घाबरून जाऊकडं रडली, तिनं आपल्याजवळची दिली. आठ गोळ्या घेतल्या. त्याच आठवड्यात बाळ संध्याकाळी किरकिर करायला लागलं, सासू म्हणाली दूध आटलं, आणि दिवसातून दोनदा गाईचं दूध बाटलीनं सुरू झालं. गोळ्यांमुळंच आटलं या धास्तीनं सुनंदानं त्याही बंद केल्या. कुणाला काही बोलली नाही.

माला-डी ही काही वाईट गोळी नाही. फक्त तिच्यात इस्ट्रोजेन आहे, त्यानं काही जणींचं दूध कमी होऊ शकतं. म्हणून पाजणाऱ्या बाईला अशी मिश्र गोळी बाळ सहा महिन्यांचं होईपर्यंत देत नाहीत. पहिल्या दीड महिन्यात तर रक्ताच्या गुठळ्यांचाही धोका असतो. सुनंदाचं दूध त्या आठ गोळ्यांनी खरंच कमी झालं का, ते मी छातीठोक सांगू शकत नाही. चौथ्या महिन्यात संध्याकाळी रडणारी बाळं मी रोज बघते, त्यांच्या आयांनी कसलीच गोळी घेतलेली नसते. मी बाळाला काट्यावर ठेवलं. सहा किलो दोनशे. दिवसातून सात-आठ लंगोट ओले. म्हटलं, दूध आटलेल्या बाईचं बाळ असं भरत नाही. बाटली बंद कर, मागेल तेव्हा अंगावर घे, दूध मागणीवर वाढतं.

पण मधल्या काळात तिसरी अट मोडली होती. म्हणून आधी लघवीची तपासणी केली. निश्चय किट आमच्याकडं फुकट असतं. यात्रेला तीन आठवडे उलटून गेले होते, त्यामुळं निकालावर विसंबता येत होतं. एकच रेघ आली, म्हणजे दिवस गेलेले नव्हते. ती पट्टीकडं इतका वेळ बघत राहिली, की दुसरी रेघ उशिरा उमटते की काय असं तिला वाटत असावं. यात्रा झाल्यावर तीन दिवसांच्या आत आली असती तर तातडीची गोळी देता आली असती. ती पाजणाऱ्या बाईलाही चालते आणि आशाताईकडं मिळते. पण आपल्या आशाताईला हे विचारायचं धाडस तिला झालं नव्हतं, कारण आशाताई तिची चुलत नणंद.

साधनं सांगताना मी पूर्वी सगळी एका दमात सांगायची, एकेकाची माहिती, फायदे, तोटे. बायका मान हलवायच्या आणि काही न घेता जायच्या. आता मी आधी तिचा दिवस विचारते. नवरा कधी येतो? कपाटाला कुलूप आहे का? दुसरं मूल केव्हा हवंय?

नवरा महिन्यातून एखाददा येतो, तेही न कळवता. दुसरं मूल तीन वर्षांनी. कुलूप नाही.

निरोध तिनं लगेच बाजूला सारला. "ते आनतील, पन वापरायचं त्यांच्या मनावर." फक्त प्रोजेस्टेरॉनची गोळी पाजणाऱ्या बाईला चालते, पण ती रोज, ठरल्या वेळी घ्यावी लागते. ज्या घरात दळण, पाणी आणि जनावरं यांच्यातून बाईला घड्याळ दिसत नाही तिथं मी ती सहसा सुचवत नाही. छाया गोळीवर मात्र ती थांबली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत शोधलेली ही गोळी, बाजारात तिला सहेली म्हणतात. तिच्यात इस्ट्रोजेन किंवा प्रोजेस्टेरॉन नाही, दुधाला धक्का नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. मी रविवार आणि बुधवार सुचवले, कारण बुधवारी त्यांच्याकडं आठवडी बाजार असतो, विसर पडत नाही. पण पट्टी ठेवायची कुठं? जाऊची पट्टी ती पिशवीच्या तळाशी, बाळाच्या झबल्यात गुंडाळून आणत होती.

मग अंतरा. तीन महिन्यांतून एक इंजेक्शन, बाळंतपणानंतर दीड महिन्यानं पाजणारीला देता येतं. घरात मागमूस राहत नाही, कार्डसुद्धा माझ्याकडं ठेवता येतं. आमच्याकडं ते घेणाऱ्या कितीतरी जणी याच कारणासाठी घेतात. सुनंदा खुलली होती, पण पाळी अनियमित होते, मधेच डाग लागू शकतात हे मी सांगितलं तशी ती उतरली. त्यांच्या घरी गौरी बसतात. डाग लागला की देवघर बंद, स्वयंपाकाला हात नाही आणि का ते सगळ्यांना कळतं. डॉक्टर डागांना किरकोळ त्रास म्हणतात. तो किरकोळ कुणासाठी, ते सासरच्या घरात राहून ठरतं. शिवाय इंजेक्शन थांबवल्यावर दिवस जायला बरेच महिने लागू शकतात, तेही सांगावंच लागतं.

राहिली तांबी, म्हणजे गर्भाशयात बसवायची कॉपर-टी. माझा कल पहिल्यापासून तिकडं होता, हे कबूल करते, म्हणूनच ती मी शेवटी ठेवली. तांब्याचा आणि दुधाचा संबंध नाही. पाच वर्षांची मिळते, दहा वर्षांची मिळते, आणि नको झाली की त्याच दिवशी काढता येते. सुनंदा सासूचं सांगत म्हणाली, "आत्या म्हणतात ती वर चढते. काळजात जाते."

मी ड्रॉवरमधला प्लास्टिकचा गर्भाशय काढला. उलट्या टांगलेल्या पेरूएवढा, वरून बंद. तिनं त्यात बोट घालून पाहिलं. "वाटच न्हाई की."

वाट नाही हे खरं. कधी आपोआप खाली निघून येते, पहिल्या काही पाळ्या जास्त जातात, पोटात दुखतं, हे सगळं सांगितलं. पाजणाऱ्या बाईचा गर्भाशय मऊ असतो, बसवताना क्वचित इजा होऊ शकते, म्हणून ती सरावलेल्या हातानंच बसवून घ्यायची, तेही सांगितलं.

ती बाळंत झाली त्या खाजगी दवाखान्यात यातलं कुणी काही बोललं नव्हतं. सरकारी दवाखान्यात बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत तांबी बसवतात, पण तिथंही कळा देणाऱ्या बाईला "बसवू का" विचारतात आणि तिनं "काहीही करा" म्हटलं की संमती लिहितात. याला मी विचारणं म्हणत नाही. हे बोलणं सातव्या महिन्यातच व्हायला हवं.

सुनंदानं नवऱ्याला फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. मागं हमालांचा आरडाओरडा. त्याला दुधाची किंवा दुखण्याची काळजी नव्हती. "मॅडम, मग दुसरं व्हईल ना पुन्हा?" मी म्हटलं, काढली की लगेच होऊ शकतं. "मग चालंल. आयेला सांगा तेवढं." आणि फोन ठेवला.

आईला सांगायचं काम असं माझ्या गळ्यात पडलं. बाकावरून तिला आत बोलावलं. वर चढण्याचं प्रकरण पेरू दाखवून मिटवलं. तिचा मूळ हट्ट तसाच होता. पाजणारीला कशाला हवं हे? मी विचारलं, मावशी, तुमच्या चारही वेळा पाळी येऊन मगच दिवस गेले होते का?

म्हातारीनं पदर डोक्यावर नीट केला. "तिघांच्या येळेला व्हय." थोडं थांबून म्हणाली, "मधल्याच्या येळंला पाळी आलीच न्हवती. थोरला पितच हुता."

मधला म्हणजे सुनंदाचा नवरा. सून खाली मान घालून हसायला लागली, मग सासूही.

पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी पाच वर्षांची तांबी बसवली. जाताना मी सुनंदाला पुढची तारीख लिहून दिली, कारण लसीकरणाच्या तक्त्यात इथं एक मोठी फट आहे. साडेतीन महिन्यांच्या इंजेक्शननंतर दवाखान्याची फेरी येते ती नवव्या महिन्यात, गोवर-रुबेलाला. मधे सहावा महिना जातो. उष्टावण होतं, भाताची पेज सुरू होते, दुधाची अट मोडते आणि त्या दिवसांत बाई आमच्यासमोर येतच नाही. आशाताई सहाव्या महिन्याला घरी जाते, पण ती सासूसमोर ओट्यावर बसते. जाऊचं जे झालं ते याच फटीत झालं. म्हणून साधन न घेता जाणारीलाही मी साडेतीन महिन्यांच्या भेटीतच निरोधची पाकिटं देते आणि कागदावर उष्टावणाचा महिना लिहून त्याभोवती गोल करते.

सप्टेंबरअखेर सुनंदा बाळाला घेऊन आली. पोरगं रांगत होतं, टेबलाचा पाय धरून उभं राहू बघत होतं. पाळी सुरू झाली होती, पहिलीच. नेमकी गौरी आल्या त्या दिवशी. "इंजेक्शन नको म्हनले ते ह्याच्यासाठी, आन् झालं तेच," ती म्हणाली. रक्त जास्त गेलं होतं, चार दिवस कंबर दुखली. हिमोग्लोबिन दहाच्या थोडं वर भरलं. लोहाच्या गोळ्या दिल्या, तांबीचा धागा जागेवर आहे हे सिस्टरनं तपासलं. मी म्हटलं, अजून दोन पाळ्या बघ, अशीच जात राहिली तर काढू आणि छायाचा विचार करू.

"काढायची न्हाई," सासू दारातून म्हणाली. मी तिच्याकडं बघितलं. "तिला इचारा पन," म्हातारी पुटपुटली आणि पोराला उचलून बाहेर घेऊन गेली.

सुनंदानं दोन पाळ्या थांबायचं ठरवलं. नोव्हेंबरच्या पानावर मी तिचं नाव पेन्सिलीनं लिहून ठेवलंय.