आइस हॉकीतल्या व्यावसायिक खेळाडूंना हल्ली इतक्या दुखापती का होतात? मारामारीमुळे का?

मारामारीमुळे नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडून कुणी आइस हॉकीबद्दल विचारतं तेव्हा बहुधा हातमोजे फेकून एकमेकांना बुकलणाऱ्या दोघांची क्लिप बघूनच विचारतं. माझंही तेच झालं होतं. सांगलीहून कॅनडात आलो, शेजाऱ्याने पहिली मॅच दाखवली आणि वाटलं, हा खेळ आहे की कुस्तीचा फड! आता चौदा वर्षं झाली. मुलगा खेळतो, आणि पहाटे साडेपाचला रिंकवर, म्हणजे बर्फाच्या मैदानावर, त्याच्या स्केट्सच्या नाड्या आवळणं हे माझ्याकडे लागलेलं काम. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या ३२ संघांच्या मोठ्या लीगमध्ये, मारामाऱ्या पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी झाल्या आहेत. जायबंदी खेळाडूंची यादी मात्र आटत नाही.

माझ्या मते खरी गोम २००५ मध्ये आहे. २००४-०५ चा अख्खा मोसम मालक आणि खेळाडूंच्या पैशाच्या भांडणात वाया गेला, एकही सामना झाला नाही. रुसलेला प्रेक्षक परत आणायचा तर खेळ वेगवान हवा, म्हणून नियम बदलले. त्याआधी बचावपटू बिनधास्त अडवाअडवी करायचे. काठीचा आकडा समोरच्याच्या पोटाशी अडकवायचा, जर्सी धरायची, अंगावर रेलून त्याला ओढत राहायचं. बघायला कंटाळवाणं, पण त्या अडवाअडवीने खेळाला ब्रेक लागलेला असायचा. २००५ पासून पंच त्यावर कडक शिक्षा देऊ लागले, मैदानाच्या लांबलचक पासवरची बंदीही उठली, आणि ब्रेक निघाला.

याचा फटका कुठे बसतो ते बघा. पक, म्हणजे खेळायची चकती, आपल्या गोलच्या मागे कोपऱ्यात जातो. बचावपटू तो आणायला धावतो, तोंड भिंतीकडे, पाठ मैदानाकडे. पूर्वी त्याचा जोडीदार मागून येणाऱ्या आक्रमकाला दोन-तीन सेकंद अडवून धरायचा. आता ते केलं की शिक्षा. शिवाय त्याच वर्षी गोलरक्षकाला कोपऱ्यातला पक खेळायची मनाई झाली, तोही मदतीला येऊ शकत नाही. त्यामुळे ९०-९५ किलोचा गडी पूर्ण वेगात पाठीवर येऊन आदळतो. चांगले खेळाडू ताशी ३५ किलोमीटरच्या वर जातात. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते हे शाळेतलं सूत्र आठवा: वेग दीडपट, तर ऊर्जा सव्वादोन पट. रिंक मात्र तेवढीच, २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद. खेळाडू आजोबांच्या काळापेक्षा उंच आणि वजनदार झाले, आणि खांद्यावरचं संरक्षक कवच इतकं टणक झालं की ज्याने घातलंय त्याला वाचवतं आणि समोरच्याला फोडतं.

डोक्याच्या दुखापतींचं गणित थोडं वेगळं आहे. तिथे वाढ झाली त्यातली बरीचशी मोजण्यातली, असं मला वाटतं. पूर्वी गरगरलं तर नाकाशी अमोनियाची कुपी धरायची आणि परत बर्फावर. मुका मार कोण मोजतो! मग मार्च २०१० मध्ये मॅट कुकने मार्क सॅव्हार्डला न दिसणाऱ्या बाजूने डोक्यात धडक दिली. कुकला ना पेनल्टी, ना बंदी, कारण तसा नियमच नव्हता. पुढच्या मोसमापासून नियम आला. सिडनी क्रॉस्बी तर लीगचा सगळ्यात मोठा तारा. १ जानेवारी २०११ ला त्याच्या डोक्याला मार बसला, तरी तो खेळत राहिला, आणि ५ जानेवारीला परत लागलं. नोव्हेंबरपर्यंत बाहेर. आल्यावर आठ सामने खेळला आणि पुन्हा मार्चपर्यंत घरी. एवढ्या मोठ्या खेळाडूचं हे झाल्यावर लीगला डोळे उघडावेच लागले. संशय आला की खेळाडूला शांत खोलीत नेऊन डॉक्टरने तपासायचं, पुढे सामन्यावर नजर ठेवणारी माणसंही नेमली. जे पूर्वी लपायचं ते आता कागदावर येतं.

पुढचा मुद्दा क्रिकेटवाल्यांना लगेच कळेल. पक म्हणजे गोठवलेल्या कडक रबराची चकती, वजन १५६ ते १७० ग्रॅम, म्हणजे जवळजवळ लेदर बॉलइतकी. शोएब अख्तरचा सर्वांत वेगवान चेंडू १६१ किलोमीटरचा. हॉकीतल्या झ्देनो चाराने २०१२ मध्ये कौशल्य स्पर्धेत मारलेला फटका होता १७५ चा. आता कल्पना करा की असल्या फटक्यासमोर खेळाडू मुद्दाम आडवा पडतो, बॅट नाही, काही नाही, फक्त गोल वाचावा म्हणून. याची आकडेवारी ठेवतात, टाळ्या वाजतात, करार मिळतात. पाय आणि हाताची बोटं मोडतात ती यात.

जांघ, कंबर आणि गुडघा या दुखापतींची मात्र मला खरंच धास्ती वाटते. स्केटिंगमध्ये प्रत्येक पाऊल बाजूला ढकलायचं असतं, सगळा ताण जांघेच्या आतल्या स्नायूंवर. गोलरक्षक तर सामन्यात कितीतरी वेळा गुडघे आत वळवून खाली बसतात, खुब्याचा सांधा झिजतो. त्यात वेळापत्रक. मोसमाचे ८२ सामने, वर प्लेऑफचे जास्तीत जास्त २८, मध्ये विमानप्रवास, कधी लागोपाठ दोन रात्री सामने. फ्लोरिडा पँथर्स सलग तीन वर्षं अंतिम फेरीत पोहोचले, २०२४ आणि २०२५ ला जिंकलेही. प्रत्येक उन्हाळा जूनपर्यंत मैदानात, विश्रांती नावालाच. सप्टेंबर २०२५ मध्ये मोसम सुरू व्हायच्या आधी, सरावातच, त्यांचा कर्णधार बारकोव्हच्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध फाटले. हे थकव्यामुळेच झालं असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही, पण मनात येतंच. आणि लीगचा उपाय काय, तर २०२६-२७ पासून ८२ चे ८४ सामने! बदल्यात सराव सामने कमी केलेत म्हणे.

एक सावधगिरी. संघ दुखापती लपवतात. जाहीर होतं ते एवढंच की 'वरच्या अंगाची' किंवा 'खालच्या अंगाची' दुखापत. २०१३ च्या अंतिम लढतीत पॅट्रिस बर्जरॉन मोडलेली बरगडी आणि निखळलेला खांदा घेऊन खेळला, फुफ्फुसाला भोकही पडलं होतं, आणि हे कळलं मालिका संपल्यावर. उलट बाजूने, दीर्घकाळ जायबंदी खेळाडूच्या पगाराइतकी सवलत संघाला एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेत मिळायची, म्हणजे कागदावर जायबंदी राहण्यात कधीकधी फायदाही. तेव्हा याद्या बघून टक्केवारी काढणाऱ्यांवर पटकन विश्वास ठेवू नका.

लहान मुलांचं विचाराल, तर तिथे पुरावा जास्त स्पष्ट आहे. अकरा-बारा वर्षांच्या गटात कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात अंगावर धडक द्यायची मुभा होती, क्वेबेकमध्ये नव्हती. २०१० मध्ये दोन्हीकडची मुलं तपासली तेव्हा अल्बर्टातल्या मुलांना सामन्यातल्या दुखापतीचा धोका तिपटीहून जास्त निघाला. २०१३ पासून देशभर त्या वयात ते बंद झालं. माझा मुलगा त्या गटातून गेल्याच वर्षी बाहेर पडला, म्हणजे त्याच्या सामन्यांत धडका आल्या, त्यामुळे आता दर शनिवारी बायको स्टँडमध्ये न बसता पार्किंगमध्ये गाडीत बसते. गळ्याच्या संरक्षक पट्ट्यावरून माझी आणि मुलाची रोज भांडणं व्हायची, घाम येतो, खाजतं म्हणून. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या सामन्यात ॲडम जॉन्सन या खेळाडूचा स्केटच्या पात्याने गळा चिरून मृत्यू झाला. ती बातमी मुलाने माझ्याआधी पाहिली. तेव्हापासून पट्टा तो स्वतःच बांधतो, मी फक्त नाड्या.